झुमक्यातला एक रवा

आमच्या संस्थेत माणसांपेक्षा यंत्रांचे लाड जास्त, आणि ते करणारी एकटी हैमंती कर्मकार. काचेची मोठी भट्टी म्हणजे तिचा न्याडा. न्याडा म्हणजे टकलू, कारण त्या भट्टीचं वरचं झाकण एकदा उडालं ते पुन्हा कधी नीट बसलंच नाही. लहान भट्टी पुंटी. आणि माझ्या खोलीतला लेझर म्हणजे जावईबापू. "त्याला थंड हवा लागते, धूळ चालत नाही, आधी अर्धा तास बसवून ठेवायचं, मग तो कामाला लागणार. तेही मूड असला तर! जावई नाही तर काय?" असं ती येईल त्या पाहुण्याला सांगायची. पाहुणा दिल्लीहून तपासणीला आलेला असला तरी.

मी त्या जावईबापूची सांभाळकरीण. लग्न होऊन कोलकात्याला आले तेव्हा मला बंगाली येत नव्हतं आणि हैमंतीदीला गप्प बसता येत नव्हतं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. माझ्याहून ती दहाएक वर्षांनी मोठी. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, केसांत कायम कुठेतरी काचेची भुकटी. दुपारी मुडीचा, म्हणजे चुरमुऱ्यांचा, डबा उघडायची, त्यात मोहरीचं तेल, कांदा, हिरवी मिरची घालून डबा बंद करून खळाखळा हलवायची आणि मला म्हणायची, "खा गं कुंदा. तू अंधारात बसून बसून पालीसारखी पांढरी झालीस." मला राग यायचा. पण डबा मीच संपवायचे.

तिचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काच वितळवताना त्यात सोनं घालायचं. म्हणजे सोन्याचा तुकडा टाकायचा नव्हे. सोनं आधी आम्लात विरघळवायचं, ते पाणी वाळूवर शिंपडायचं आणि मग सगळं मुशीत घालून वितळवायचं. त्यातून निघते ती पाण्यासारखी स्वच्छ, बिनरंगी काच. सोनं कुठे गेलं असं वाटतं. पण तीच काच पुन्हा हळूहळू तापवली, की विखुरलेलं सोनं आतल्या आत एकत्र येऊन बारीक बारीक कण धरतं. इतके बारीक, की कुठल्याही साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचे नाहीत. ते कण धरले की काच लाल होते, माणकासारखी. जरा जास्त तापली तर मात्र यकृतासारखी मळकट होऊन जाते, आणि मग हैमंतीदी पुंटीच्या सात पिढ्या उद्धरते.

आणि हे सगळं कशासाठी, तर माझ्या डाव्या डोळ्यासाठी. म्हणजे ती तसं म्हणायची. एकदा लेझरचा किरण कुठल्याशा स्क्रूच्या डोक्यावरून उसळून माझ्या डोळ्यात गेला आणि मोहरीएवढा काळा ठिपका कायमचा ठेवून गेला. रक्षणाचे चष्मे होते की! पण ते घातले की समोरचं काहीच दिसत नाही, म्हणून जगातले सगळे लेझरवाले ते कपाळावर चढवून काम करतात. मी काही जगावेगळी नव्हते. दवाखान्यात माझ्यापेक्षा हैमंतीदीच जास्त रडली. नर्सनं तिलाच पाणी आणून दिलं. मग डोळे पुसून म्हणाली, "अशी काच पाहिजे, की साध्या उजेडाला वाट देईल आणि असला राक्षस आला की दार लावेल."

सोन्याच्या त्या कणांचा स्वभाव नेमका तसा असतो. मंद उजेड पडला तर जाऊ देतात. उजेड वाढवत गेलं तर दुप्पट उजेडाला दुप्पट उजेड पलीकडे यायला हवा ना? तसं होत नाही, हिशेब बिघडतो. आधी थोडा वेळ काच आणखी स्वच्छ झाल्यासारखी वाटते, आणि एका मर्यादेपलीकडे ती उजेड गिळायलाच लागते. आम्ही भिंगानं किरण एका टोकदार बिंदूत गोळा करायचो आणि काचेचा तुकडा त्या बिंदूतून पुढेमागे सरकवायचो. पलीकडे किती उजेड आला त्याची रेघ कागदावर उमटायची. बिंदूपाशी रेघ खाली गेली, खड्डा पडला, की काच कामाची. हैमंतीदी दाराबाहेरून ओरडायची, "पडला का गं खड्डा?" आणि पडला की सगळ्या मजल्याला संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, वाटायची. नवीन आलेला कारकून बिचारा आठवडाभर समजत होता, की रस्त्याचं काहीतरी काम चालू आहे.

तर अशा या बाईनं एका पावसाळ्यात स्वतःच्या कानातल्या झुमक्याचा एक रवा कापून आम्लात टाकला.

झालं असं. न्याडा दोन दिवसांपासून तापत होता, वाळू-सोडा मोजून तयार होता, आणि कपाटातली सोन्याच्या क्षाराची बाटली उघडली तर आत ओल शिरून चिखल झालेला. नवीन मागवायची म्हणजे दुर्गापूजेची सुटी उलटून जाणार. आमचे प्रमुख पाकडाशीसाहेब म्हणाले, "राहू दे हैमंती, भट्टी उतरवा." न्याड्याला उतरवणं म्हणजे त्याच्या विटा तडकणं, हे तिला ठाऊक होतं. तिनं उजव्या कानातला झुमका काढला. झुमका कसला, आईच्या लग्नातला, जुन्या घडणीचा, खाली बारीक सोन्याच्या रव्यांची झालर. कातरीनं एक रवा टचकन उडवला.

"अगं बाई! आईचा ना तो?" मी म्हटलं.

"आई असती तर दोन दिले असते," ती म्हणाली. "आणि लागतं तरी कितीसं? चिमणीच्या चोचीत मावेल एवढं सोनं ताटभर काचेला पुरतं."

रवा आम्लात गेला. मी समोरच होते. एरवी सोनं विरघळलं की पाणी पिवळंजर्द होतं. हे हिरवट झालं. आणि तळाशी पांढरा गाळ बसला.

"हे काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. कानातला मळ असेल." असं म्हणून ती स्वतःच्याच विनोदाला हसली, पण डोळे हसले नाहीत. दिवसभर ते पाणी गाळत, धूत, पुन्हा विरघळवत बसली. मग मोजून ठेवलेल्या वाळूतली निम्म्याहून जास्त वाळू तिनं परत डब्यात ओतली. मला वाटलं, आता हिला कंजूषपणा सुचलाय. माझा विषय उजेड. आम्लात काय विरघळलं आणि काय नाही, ते मला काय कळतंय?

काच मात्र झकास निघाली. स्वच्छ, बुडबुड्याशिवाय. एक तुकडा पुंटीत तापवून लाल केला, घासून गुळगुळीत केला, आणि मी तो जावईबापूपुढे धरला. असा खोल खड्डा मी तोवर पाहिला नव्हता. हैमंतीदीनं संदेश तर वाटलेच, वर न्याड्याच्या दारालाही एक चिकटवला.

आनंद रविवारपर्यंत टिकला.

तिचे वडील फणिभूषण कर्मकार. बहूबाजारच्या गल्लीतले जुने सोनार, तेलाच्या दिव्यावर फुंकणीनं ज्योत मारून डाग जोडणारे. आम्ही सगळे त्यांना मेसोमशाय, म्हणजे काका, म्हणायचो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, हैमंतीदीनं लग्न केलं नव्हतं, बाप-लेक दोघंच राहायचे आणि दिवसभर भांडायचे. दुकान बंद झालं होतं, कारण मेसोमशायचे डोळे जात होते. उजवा गेलाच होता. डाव्यात समोरचा घासभर भाग उरला होता आणि तोही आवळत चालला होता. ऑपरेशननं गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. पूजेपर्यंत आहे, पुढचं सांगता येत नाही.

रविवारी केस धुतले की हैमंतीदी झुमके काढून बापाच्या पुढ्यात ठेवायची आणि ते रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं साफ करायचे. त्या दिवशी मीही तिथे होते. त्यांनी झुमका हातात घेतला, अंगठा झालरीवरून फिरवला, आणि अंगठा थांबला.

"रवा कुठाय?"

हैमंतीदीनं सांगितलं. लपवाछपवी तिच्या स्वभावातच नव्हती.

"आम्लात?" मेसोमशाय म्हणाले. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. "तू तो आम्लात टाकलास?"

"बाबा, सोनं कुठे गेलं नाहीये. काचेत आहे. दाखवू?" तिनं पिशवीतून बिनरंगी काचेची पट्टी काढली. त्यांनी ती उरल्या डोळ्याजवळ नेली, खिडकीकडे धरली, उलटी केली.

"यात तर काहीच नाही."

"अजून दिसत नाही. पुन्हा तापवली की लाल होते. ही बघा तापवलेली." तिनं लाल तुकडा पुढे केला.

"असली लाल काच बांगडीवाल्याकडे टोपलीनं मिळते. मला शिकवतेस?" ते म्हणाले. झुमका पुसला, डबीत ठेवला, डबी बंद केली. "आम्लानं खाल्लं. संपलं."

त्या दिवसापासून त्यांनी मुलीशी बोलणं टाकलं. घरात दुसरं माणूस नाही, त्यामुळे ते खिडकीतल्या मांजरीला निरोप द्यायचे. "त्या काचवालीला सांग, चहा गार झालाय." हैमंतीदी मांजरीला म्हणायची, "सोनारबाबूंना सांग, वेळेवर प्यायचा असतो." मी गेले की मांजरीची सुटका व्हायची आणि ते काम माझ्याकडे यायचं. सुरुवातीला हसू यायचं. पण आठवडे गेले तसं हैमंतीदीचं तोंड सुकत चाललं. मुडीचा डबा तसाच परत जायला लागला. ती भट्ट्यांना शिव्या घालेनाशी झाली, आणि आमच्या मजल्यावर एवढी शांतता, की पाकडाशीसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "हैमंतीची तब्येत बरी आहे ना?"

मी तिला म्हटलं, "एवढ्याशा रव्यासाठी म्हातारा एवढा ताणतोय, तू तरी कशाला जीव जाळतेस?"

"एवढासा नाही गं," ती म्हणाली. "बाबांनी पहिल्या मिळकतीत घडवलेला झुमका तो. आईला मरेपर्यंत कधी उतरवू दिला नाही. त्यांना वाटतंय मी आईला नाल्यात ओतलं. त्यांच्या डोळ्यांदेखत ती काच लाल व्हायला पाहिजे, कुंदा. बिनरंगी असलेली लाल होताना त्यांनी स्वतः बघितली पाहिजे. आणि डोळा तर रोज आवळतोय. नाही जमलं तर ते तसेच जातील, लेकीनं आईचं सोनं वाया घालवलं असं मनात धरून." एवढं बोलून ती रडली. मला तिच्या बापाचा असा राग आला म्हणता!

भट्टी पाहायला ते येणार नव्हतेच. कितीदा बोलावलं. "काचवालीच्या कारखान्यात माझं काय काम?" पण भाद्रातला शेवटचा दिवस आला, विश्वकर्मापूजा. त्या दिवशी आमच्याकडे सगळी यंत्रं पुसून, शेंदूर-चंदन लावून, हार घालून विश्रांतीला बसवतात. कुणी हत्याराला हात लावत नाही. मूर्ती खालच्या मजल्यावर, खिचडी आणि लाबडा, म्हणजे मिश्र भाजी, सगळ्यांना, आणि आभाळभर पतंग. पाकडाशीसाहेबांनी जातीनं मेसोमशायना चिठ्ठी पाठवली, की आमची हत्यारं तुमच्या हातानं पूजली जावीत. कर्मकाराला विश्वकर्म्याचं बोलावणं आलं म्हटल्यावर नाही म्हणणार कसे? आले. कडक धुतलेलं धोतर, एका हातात काठी, दुसऱ्या हाताशी मी, आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत त्यांची स्वतःची हत्यारं. हातोडी, चिमटे, पितळेची वाकडी फुंकणी. त्यांनी ती एकेक करून मूर्तीच्या पायाशी मांडली. पूजा उरकली. प्रत्येक यंत्राला त्यांनी हात लावून नमस्कार केला. माझ्या खोलीतही आले.

"हाच का तो जावई?"

"हाच," मी म्हटलं. "आज सुटीवर आहे."

"तुमची काच याला अडवते म्हणे."

"याला अडवते, मेसोमशाय. डोळे वाचावेत म्हणून सगळा खटाटोप."

ते मला म्हणाले, "त्या काचवालीला विचार, पन्नास वर्षं मी ज्या दिव्याकडे टक लावून बसलो, त्याला अडवेल का?"

हैमंतीदी दारातच उभी होती. तिला खोटं बोलता आलं असतं. "नाही बाबा," ती म्हणाली. "तुमच्या दिव्याचा उजेड तिच्या गावीही नसतो. तेवढ्यानं ती हलत नाही."

"घ्या!" मेसोमशाय काठी आपटून म्हणाले. "माझे डोळे गेले त्या दिव्यापायी, आणि हिची काच त्याला उजेड म्हणायला तयार नाही!" ते मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांनी हसले. हैमंतीदीला वाटलं, हीच वेळ.

तिनं काय ठरवून ठेवलं होतं ते मलाही ठाऊक नव्हतं. पुंटी तिनं आदल्या दिवशीच पेटवून ठेवली होती. पेटती भट्टी विझवली नाही तर ते हत्याराला हात लावणं होत नाही, असा तिनं मनाशी कायदा केलेला. त्याच बिनरंगी काचेतून ओढलेल्या बारीक काड्याही तिनं तयार ठेवल्या होत्या. बापाला पुंटीसमोर खुर्चीवर बसवलं आणि दार उघडायला सांडशी उचलली.

"हे काय?" मेसोमशायचा आवाज एकदम बदलला. "आज? आज सांडशी उचललीस? कर्मकाराची मुलगी ना तू?"

कुणीतरी म्हणालं, "असू दे हैमंतीदी, उद्या दाखव." पाकडाशीसाहेबही म्हणाले, "उद्या गाडी पाठवतो मी मेसोमशायना."

"उद्या!" हैमंतीदी ओरडली. सांडशी खाली आपटली. "उद्या ते येणार नाहीत, मी ओळखून आहे त्यांना! आणि परवा आले तर दिसेल कुणाला? तुम्हाला दिसेल, मला दिसेल, यांना दिसेल का? रोज सकाळी चहाचा कप कालच्याहून अलीकडे ठेवते मी. यांना वाटतं मला कळत नाही." पदरात तोंड घालून ती जमिनीवरच बसली, पुंटीच्या हाराखाली.

मेसोमशाय खुर्चीवरून उठले, चाचपडत मूर्तीपाशी गेले. मी हात द्यायला धावले तर माझा हात झटकला. वाकून त्यांनी आपली फुंकणी उचलली, कपाळाला लावली. फुंकणीचा शेंदूर त्यांच्या भुवईला लागला.

"मेसोमशाय, आजचा दिवस..." पाकडाशीसाहेब चाचरले.

"विश्वकर्म्याला काय सांगायचं ते मी सांगेन," ते म्हणाले. "आमचं जुनं आहे. दिवा इकडे आण, कुंदा. आणि तिला म्हणावं, काडी आण."

पूजेचा दिवा मी टेबलावर आणून ठेवला. तुपाऐवजी तेल घातलं, वात जाड केली, तेही त्यांनी सांगितलं म्हणून. हैमंतीदी डोळे पुसत आली, काडी ज्योतीत धरली. त्यांनी फुंकणी ओठांत घेतली, गाल फुगले, आणि ती सुस्त पिवळी ज्योत आडवी होऊन निळी, सुईसारखी झाली. टच्च! काडीचं टोक तुटून उडालं.

"गधडी!" ते फुंकणी काढून म्हणाले. थेट तिलाच म्हणाले, मधे मांजर नाही, मी नाही. "एकदम आत घालतेस? लांबून येऊ दे. आधी कडेला ऊब लागू दे. मुलगी सासरी जाताना सुद्धा उंबऱ्यावर थांबते."

"मला काय माहीत, मी कुठे गेले?" ती नाक ओढत म्हणाली, आणि सगळे हसले.

दुसरी काडी. तिनं ती लांबून, हळूहळू फिरवत आणली. त्यांनी फुंकायला सुरुवात केली. म्हाताऱ्याची छाती ती, पण श्वास तुटत नव्हता. नाकानं आत, गालानं बाहेर, एकसारखा. काडी तापली, टोक तांबूस झालं, पण ते निखाऱ्याचं तांबूस, कुठल्याही काचेचं होतं तसं. हैमंतीदीनं काडी बाहेर काढली. तांबूसपणा विझला आणि काच पुन्हा पाण्यासारखी. "अजून," ती म्हणाली. पुन्हा फुंकर. मेसोमशायच्या कपाळाची शीर टरारली. मला वाटलं, आता पुरे करा हो, नाही होत तर नाही. त्यांनी डोळा काडीवरून हलवला नाही. तो एकच उरलेला घासभर डोळा, आणि समोर तीच ज्योत, जिनं तो घालवला होता.

हैमंतीदीनं काडी पुन्हा बाहेर घेतली. निखारा विझला. आणि विझल्यानंतर, सगळ्यांच्या देखत, थंड होत चाललेल्या काचेत आतून गुलाबी रंग उमटला. "अजून थोडं, बाबा, थोडंच," ती म्हणाली. त्यांनी फुंकलं. गुलाबी गडद झाला, लाल झाला, लालबुंद झाला. "बास!" ती ओरडली. त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

काडी निवली तेव्हा तिनं ती त्यांच्या हातात दिली. ते दिव्यासमोर ती धरून किती वेळ बघत होते. डोळ्याशी आणत, लांब नेत, टोकाची लाल बाजू आणि मागची बिनरंगी बाजू अंगठ्यानं चाचपत. खालून कुणीतरी "भोकाट्टा!" ओरडलं, कुणाचा तरी पतंग कटला होता. आमच्यातलं कुणी हललं नाही.

"हे सोन्यानं होतं?" त्यांनी विचारलं.

"सोन्यानंच."

"तांब्यानं नाही?"

"नाही बाबा. तांबं मी काढून टाकलं होतं." एवढं म्हणून तिनं जीभ चावली.

मेसोमशायनी मान खाली घातली. बराच वेळ ते काडीशी चाळा करत राहिले, आणि मग इतक्या हळू बोलले, की हैमंतीदीखेरीज, शेजारी होते म्हणून, मलाच ऐकू आलं.

"खुकू, पोरी," ते म्हणाले, "त्या रव्यांत सोनं कमी होतं. निम्मंसुद्धा नव्हतं. तेव्हा आणायचं कुठून? तांबं-चांदी मिसळून वर मुलामा दिला, आणि तुझ्या आईला पक्कं सोनं म्हणून कानात घातलं. ती सगळ्या गल्लीला दाखवत फिरली. म्हणून मी तिला कधी उतरवू दिला नाही. दुसऱ्या सोनाराच्या हाती गेला असता तर... तू आम्लात टाकलास म्हणालीस तेव्हा मला वाटलं, आता हिला कळलं. बापानं तिच्या आईला फसवलं, हे हिला कळलं. मग तुझ्याशी कुठल्या तोंडानं बोलू?"

तेव्हा कुठे मला ते हिरवट पाणी आणि तो पांढरा गाळ आठवला. दिवसभराचं ते गाळणं, ती परत ओतलेली वाळू. सोन्याच्या मानानं काच कमी केली होती तिनं. आणि एवढे दिवस बापाचा अबोला सोसला, माझ्यासमोर रडली, पण माझ्याजवळसुद्धा एका शब्दानं बोलली नव्हती.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, बाबा," हैमंतीदी म्हणाली.

"आणि तरी..."

"तरी काय? जेवढं होतं तेवढं सगळं हे इथे आहे. बघा की. पुरलं."

त्यांनी ती काडी मुठीत घट्ट धरली आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला, केसांतल्या काचेच्या भुकटीसकट. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. माझं रडणं कुणी बघितलेलं मला चालत नाही.

मग खिचडी वाढायला बोलावलं तरी बाप-लेक उठेनात. मेसोमशायनी पुन्हा फुंकणी घेतली होती. "टोक वितळव," ते तिला सांगत होते, "आपसूक गोल होईल. रव्याएवढं झालं की थांब." डबी त्यांच्या खिशातच होती. त्या अर्थी झुमका ते पहिल्यापासून बरोबर घेऊनच आले होते, हे माझ्या लक्षात आलं. एका झालरीत सगळे सोन्याचे रवे आणि एक लाल काचेचा, असा तो झुमका त्यांनी त्याच दिवशी चाचपून चाचपून पुरा केला. त्यांचं ते शेवटचं काम. काली पूजेचे दिवे त्यांना दिसले नाहीत.

हैमंतीदी अजून तो घालते. निवृत्त झाली, केस पांढरे झाले, कान लोंबले. कुणी विचारतं, हा एकच लाल कसा? ती म्हणते, "तेवढाच अस्सल आहे."